सुपरव्हायझर ‘छान चाललंय’ म्हणून निघून जातात, तेव्हा आरबीटीने काय करावं?

न्यू जर्सीतल्या एका आरबीटीचा प्रश्न आहे. आरबीटी म्हणजे रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन: वर्तन-विश्लेषणाच्या (एबीए) पद्धतीने, सुपरव्हायझरने लिहिलेल्या प्लॅनप्रमाणे मुलाबरोबर प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती. थोडक्यात असा: “ऑटिझम असलेल्या पाच वर्षांच्या मुलाबरोबर मी त्याच्या घरी काम करते. सुपरव्हायझर महिन्यातून एक-दोनदा येतात, कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसतात आणि जाताना ‘छान चाललंय’ म्हणतात. मुलगा हल्ली वस्तू फेकायला लागलाय, मला चावलाही. विचारलं तर ‘प्लॅनप्रमाणे करत राहा’ एवढंच उत्तर. मुलाचे आईवडील मराठी, त्यामुळे सगळ्या शंका मलाच विचारतात. त्यात सुपरव्हायझर आणि मी एकाच मंडळात, गणपतीत एकत्र स्वयंपाक करतो. त्यांना न दुखवता हे बोलायचं कसं? आणि सांगूनही काही बदललं नाही तर?”

मी बीसीबीए आहे, म्हणजे प्लॅन लिहिणारी आणि देखरेख करणारी प्रमाणित वर्तन-विश्लेषक. त्याआधी काही वर्षं टेक्निशियन होते, आता माझ्या देखरेखीखाली आरबीटी काम करतात. त्यामुळे या नात्याच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

बोलायला हवंच, आणि पुढच्या भेटीची वाट न बघता याच आठवड्यात. मूल चावायला लागलंय आणि प्लॅन लिहिणाऱ्या व्यक्तीने ते एकदाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ही परिस्थिती महिनाभर तशीच राहू देण्यासारखी नाही. सुपरव्हायझरना वाईट वाटेल का, याचा विचार जरूर करा, पण त्या मुलाच्या नंतर.

आधी एक हिशेब मांडते, कारण बऱ्याच आरबीटींना तो कुणी समजावून सांगितलेला नसतो. बीएसीबी या आमच्या क्षेत्रातली प्रमाणपत्रं देणाऱ्या अमेरिकन संस्थेने आरबीटी हे प्रमाणपत्र २०१४ मध्ये सुरू केलं. ४० तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची चाचणी, मग परीक्षा. बारावी झालेला कुणीही अठरा वर्षांचा माणूस काही आठवड्यांत या कामाला लागू शकतो, आणि म्हणूनच देखरेखीची अट कायमची आहे: महिन्यात जेवढे तास तुम्ही मुलांबरोबर काम कराल, त्याच्या किमान ५ टक्के तास देखरेख. महिन्यातून किमान दोनदा प्रत्यक्ष वेळेत संपर्क, मग समोरासमोर असो की व्हिडिओवर. त्यातल्या किमान एका वेळी तुम्हाला मुलाबरोबर काम करताना पाहणं. आणि किमान एक भेट फक्त तुमची, गटात नाही. आठवड्याला २५ तास काम असेल तर महिन्याचे साधारण १०० तास, म्हणजे देखरेखीचे ५. उरलेल्या ९५ तासांत त्या मुलासमोर तुम्ही असता आणि सुपरव्हायझर नसतात.

या नात्याकडे मी कायम त्या ९५ तासांच्या बाजूने बघते. प्लॅन सुपरव्हायझर लिहितात, जबाबदारीही त्यांची. पण प्लॅन चालतोय की नाही हे त्यांना तुमच्या नोंदींतून आणि तुमच्या तोंडूनच कळतं. तुम्ही गप्प राहिलात तर त्या अंधारात निर्णय घेतात, आणि त्याची किंमत मूल मोजतं. त्यामुळे अडचण सांगणं म्हणजे तक्रार करणं, हा समज आधी मनातून काढून टाका. ते तुमचं काम आहे, सेशनइतकंच.

आता ‘छान चाललंय’बद्दल. कौतुकाची मला अडचण नाही, ते लागतंच. पण कशाचं कौतुक, हे कळलं नाही तर त्याचा उपयोग शून्य. आपण मुलांना शिकवताना काय करतो? नेमकं काय बरोबर झालं ते लगेच सांगतो. मोठ्यांना शिकवायची पद्धतही तीच आहे: काय करायचं ते सांगायचं, स्वतः करून दाखवायचं, समोरच्याकडून करून घ्यायचं, मग नेमका अभिप्राय द्यायचा, आणि जमेपर्यंत हे पुन्हा. चांगली देखरेख बघताना ओळखू येते. सुपरव्हायझर जमिनीवर मुलाजवळ येऊन बसतात. ‘थांबा, मी एकदा करून बघते’ म्हणतात. त्यांच्या हातात पायऱ्यांची यादी असते, त्यातल्या कुठल्या पायऱ्या तुम्ही केल्यात आणि कुठली सुटली यावर खुणा करतात. कधी दोघीही स्वतंत्रपणे एकाच वर्तनाची मोजणी करतात आणि शेवटी आकडे जुळतात का ते बघतात. जुळले नाहीत तर बहुतेक वेळा ‘फेकणं’ कशाला म्हणायचं यावरच एकमत नसतं. एकीने पेन्सिल टेबलावरून ढकलली तेही धरलेलं असतं, दुसरीने नाही.

असं काही होत नसेल तर तुम्ही स्वतः मागा. मागणं नेमकं ठेवा, म्हणजे समोरच्याला टाळता येत नाही आणि टोचतही नाही. ‘मला अजून मार्गदर्शन हवंय’ यावर ‘हो, नक्की’ म्हणून विषय संपतो. ‘पुढच्या वेळी टेबलावरून उठायचंय हे सांगणारं कार्ड दाखवायला शिकवण्याची पायरी तुम्ही एकदा करून दाखवाल का? माझं कुठेतरी चुकतंय असं वाटतं’ यावर लॅपटॉप बाजूला ठेवावाच लागतो.

‘प्लॅनप्रमाणे करत राहा’ हे उत्तर मात्र दर वेळी चुकीचं नसतं. ज्या वागण्याने आजवर काहीतरी मिळत होतं, ते मिळणं बंद झालं की ते वागणं कमी होण्याआधी काही काळ वाढू शकतं, जास्त जोरात होतं, कधी त्याला नवीन रूप येतं. फेकणारं मूल चावायला लागतं ते असंही असू शकतं. अशा वेळी मध्येच माघार घेतली तर मूल शिकतं की जोर वाढवला की मिळतं. तुमच्या सुपरव्हायझरना हेच म्हणायचं असेलही. पण मग त्यांनी ते तुम्हाला सांगायला हवं: असं का होतंय, साधारण किती दिवस थांबून बघायचं, आणि कुठल्या मर्यादेनंतर थांबवायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. चावण्याबद्दल प्लॅनमध्ये एकही ओळ नसेल, तर ‘प्लॅनप्रमाणे’ या शब्दाला त्या क्षणी काही अर्थ उरत नाही.

इथे एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. एक मुलगा वस्तू फेकायचा. मूल्यमापनात असं दिसलं होतं की टॅब्लेट काढून घेतला की फेकतो, म्हणजे तो परत मिळवण्यासाठी. प्लॅन त्यावरच बेतलेला: टायमर, दोन मिनिटं आधी सूचना, टॅब्लेट शांतपणे दिला की लगेच आवडीचं दुसरं काहीतरी. आरबीटी सगळं बरोबर करत होती, तरी फेकणं वाढत होतं. तिने प्रत्येक वेळेची तीन रकान्यांत नोंद ठेवायला सुरुवात केली: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. पहिल्या रकान्यात ती घड्याळातली वेळही लिहायची. दोन आठवड्यांचे कागद समोर ठेवले तेव्हा बहुतेक नोंदी सव्वातीन ते पावणेचारमधल्या निघाल्या. त्या वेळी मोठी बहीण शाळेतून यायची, दार आपटायचं, आत मिक्सर सुरू व्हायचा. टॅब्लेट हातात असतानाही तो फेकत होता. फेकलं की आई त्याला उचलून मागच्या खोलीत न्यायची, आणि तिथे शांतता होती. त्याला टॅब्लेटची पडलेलीच नव्हती, गोंगाटातून सुटका हवी होती. मग प्लॅन बदलला. तीन वाजताच मागच्या खोलीत काम सुरू झालं आणि ‘आवाज नको’ हे कार्ड दाखवायला शिकवणं हे पहिलं उद्दिष्ट ठरलं. ही गोष्ट दिसली आरबीटीला, प्लॅन बदलला सुपरव्हायझरने. एकटीने दोघींपैकी कुणालाही ते जमलं नसतं.

तुमच्याकडे असं काही असेल असं माझं म्हणणं नाही. पण ‘हल्ली फार फेकतो’ हे वाक्य घेऊन जाऊ नका, कागद घेऊन जा. या आठवड्यात असा निरोप पाठवा: “सोमवार ते गुरुवार चार सेशनमध्ये फेकणं अकरा वेळा, चावणं दोनदा. त्यातलं बहुतेक टेबलावर बसायला सांगितल्यावर लगेच. प्लॅनमध्ये चावण्याबद्दल काही नाही. तो चावायला आला तर मी नेमकं काय करायचं, हे शुक्रवारच्या सेशनआधी कळायला हवं. त्या सेशनला तुम्ही स्वतः आलात तर बरं होईल.” आकडे तुमचे घाला. यात कुणावर आरोप नाही, पण उत्तर न देता सोडताही येत नाही. आणि हे कंपनीच्या सुरक्षित प्रणालीवरूनच पाठवा. मुलाचं नाव, फोटो, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नको, सुपरव्हायझर स्वतः तिथे विचारत असल्या तरी नको. चावल्याने जखम झाली असेल तर कंपनीचा अपघाताचा अहवालही त्याच दिवशी भरा.

आकड्यांत न मावणारी एक गोष्टही सांगत जा: मूल नकार देतंय का. तुम्हाला बघून दाराआड लपणं, ठरावीक कार्ड काढलं की रडू येणं, पूर्ण सेशन अंग आखडून बसणं. आमच्या क्षेत्रावर ऑटिस्टिक प्रौढांनी जी टीका केली आहे, तिचा मोठा भाग याच संकेतांकडे दुर्लक्ष झाल्याबद्दल आहे, आणि ती टीका मला पटते. हे संकेत सगळ्यात आधी तुम्हालाच दिसतात. एखादं उद्दिष्टच तुम्हाला खटकत असेल, उदाहरणार्थ जबरदस्तीने नजरेला नजर, तर ‘हे आपण का शिकवतोय?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मात्र स्वतःच्या मनाने प्लॅन बदलू नका. तुमचा अंदाज बरोबर असला तरी नको. तुम्ही गुपचूप बदल केला की कागदावरचे आकडे एका प्लॅनचे आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याचंच, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्या चुकीच्या आकड्यांवर होतो. मुलाला किंवा तुम्हाला इजा होण्याची वेळ आली तर गोष्ट वेगळी: शिकवणं थांबवा, जागा सुरक्षित करा, लगेच फोन करा. आणखी एक अपवाद. मुलाशी गैरवर्तन किंवा दुर्लक्ष होतंय अशी सयुक्तिक शंका आली, तर न्यू जर्सीच्या कायद्यानुसार प्रत्येक माणसाने ते राज्याच्या हॉटलाइनला लगेच कळवायचं असतं. सुपरव्हायझरना सांगून तुमची जबाबदारी संपत नाही.

आता आईवडील. आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी रोज घरात येतं, तेव्हा ते तुम्हालाच विचारणार. ‘हा बोलेल ना हो?’, ‘रात्री झोपत नाही, काय करू?’, ‘भारतातून आजी येतायत, तेव्हा सुट्टी घेऊ का?’ चहाचा कप हातात असताना गप्प बसणं फार अवघड असतं. पण निदान, भवितव्य, औषधं, प्लॅनमधले बदल हे तुमच्या अधिकाराबाहेरचे विषय आहेत. एवढं म्हणा: “ताई, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मी लिहून घेते आणि सुपरव्हायझरना आजच कळवते, त्या तुमच्याशी बोलतील.” आणि खरंच त्याच दिवशी कळवा, नाहीतर आईचा दोघींवरचा विश्वास जातो. पालकांना वेळ देणं हे सुपरव्हायझरच्या कामातच येतं, इन्शुरन्समध्ये त्यासाठी ९७१५६ असा वेगळा कोड आहे. म्हणून ‘पालकांसाठी महिन्यातून ठरलेली वेळ ठेवता येईल का?’ ही मागणी अवाजवी नाही.

याच घरातून तुम्ही एक फार उपयोगी गोष्ट सुपरव्हायझरपर्यंत नेऊ शकता. मुलाला ‘वॉटर’ म्हणायला शिकवलंय आणि आजी ‘पाणी’ म्हणते, तर त्याने मागितलेलं तिला कळायला हवं. घरात कुठली भाषा चालते, जेवताना हाताने भरवतात की चमच्याने, कुठल्या खोलीत चपला चालत नाहीत, यावर उद्दिष्टं ठरायला हवीत. तुमच्या सुपरव्हायझर मराठी आहेत, तेव्हा हे समजावायला वेळही लागणार नाही.

मंडळाचा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात आपली माणसं आपल्याला भेटणारच, आणि एका मंडळात असणं हा गुन्हा नाही. पण मोदक वळताना ज्यांच्याशी गप्पा मारल्या, त्यांनाच सोमवारी ‘तुमची देखरेख पुरत नाही’ म्हणायला जीभ वळत नाही, आणि त्यांनाही तुमची चूक दाखवणं जड जातं. दुहेरी नात्यांबद्दल बीएसीबीची आचारसंहिता सावध करते ती याचसाठी. आरबीटींची सध्याची आचारसंहिता २०२२ पासून लागू आहे. सुपरव्हायझरशी प्रेमसंबंध चालत नाहीत, आधी असतील तर ते संपून किमान सहा महिने होईपर्यंत त्या व्यक्तीकडून देखरेख घेता येत नाही. भेटवस्तूही १० डॉलरपर्यंतच, क्लायंटकडून आणि सुपरव्हायझरकडूनही, आणि तीही क्वचित. दिवाळीला फराळाचा डबा एकदा आला तर ठीक, पैठणी आली तर प्रेमाने परत.

मैत्री तोडा असं मी म्हणणार नाही. एकदा मोकळेपणाने ठरवून टाका: “मंडळात आपण कामाचं बोलायचं नाही, आणि कामावर एकमेकींना स्पष्ट सांगायचं. चालेल ना?” हे वाक्य तुम्ही म्हटलंत तर पुढची निम्मी अडचण संपते. मुलाचे आईवडील त्याच मंडळात येत असतील तर जास्त जपा. त्यांनी आपणहून ओळख दाखवली तर नमस्कार करा, पण तुम्ही त्यांच्या घरी कशासाठी जाता हे तिथे कुणालाही कळता कामा नये.

हे वाचणाऱ्या सुपरव्हायझर असतील, त्यांच्याशीही थोडं बोलते. आपल्यावरचा ताण मला माहीत आहे. टेक्निशियनच्या सेशनचे पैसे इन्शुरन्सकडून ९७१५३ या कोडखाली मिळतात, आपण मुलासमोर बसून प्लॅनमध्ये फेरबदल करतो त्याचे ९७१५५ खाली. पण नुसतं आरबीटीला शिकवण्यासाठी, तिचं ऐकून घेण्यासाठी बसलो तर त्याचे पैसे सहसा कुणी देत नाही. म्हणून लॅपटॉप उघडला जातो आणि भेट नोंदी लिहिण्यात संपते. पण जेवढ्यांना नीट बघता येईल तेवढ्यांचीच देखरेख स्वीकारा, असं आपली आचारसंहिता सांगते, आणि कंपनीने डोक्यावर आणखी चार केसेस ठेवल्या तर नाही म्हणण्याची जबाबदारी आपली आहे, आरबीटीची नाही. देखरेख सुरू करण्याआधी आठ तासांचं प्रशिक्षण आपण घेतलेलं असतं. त्यातलं एवढं तरी वापरावं: पहिल्याच भेटीत विचारावं की तुम्हाला अभिप्राय कसा दिलेला आवडेल, लगेच की सेशननंतर, बोलून की लिहून. पालकांसमोर चूक दाखवू नये, सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेवढा वगळून. आणि ‘माझ्या देखरेखीत काय कमी पडतंय?’ हा प्रश्न आपणच विचारावा. आपल्यापेक्षा वयाने किंवा अनुभवाने मोठ्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं, असं ऐकत मोठी झालेली मराठी मुलगी आपण तो प्रश्न विचारल्याशिवाय कधीच बोलणार नाही.

पुण्या-मुंबईत हेच काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०२३ पासून बीएसीबी भारतातून नवे अर्ज घेत नाही. त्यामुळे तिथे बरेच जण दुसऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्रावर किंवा प्रमाणपत्राशिवाय काम करतात. तेव्हा रुजू होतानाच लेखी विचारा: माझा प्लॅन कोण लिहिणार, मला काम करताना महिन्यातून किती वेळा बघणार, आणि अडचण आली तर त्या दिवशी फोन कोण उचलणार. याची उत्तरं मिळाली नाहीत तर ती नोकरी घेण्याआधी पुन्हा विचार करा.

आता मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग: सांगूनही काही बदललं नाही तर? बोलणं झाल्यावर त्याच दिवशी काय ठरलं ते दोन ओळींत लिहून सुपरव्हायझरनाच पाठवा. ठरलेला दिवस उलटला तर एकदा आठवण करा. तरी हालचाल नसेल तर क्लिनिकल डायरेक्टरकडे जा, आणि तसं करणार आहात हे सुपरव्हायझरना आधी सांगून जा. देखरेखीच्या नोंदींची स्वतःची प्रत ठेवा. त्या सात वर्षं जपायच्या असतात, आणि बीएसीबीने तपासणीसाठी मागितल्या तर ‘त्यांच्याकडे असतील’ हे उत्तर चालत नाही. न झालेल्या भेटीच्या नोंदीवर सही मागितली तर करू नका, मैत्रीखातरसुद्धा नाही.

सुपरव्हायझर बदलून मिळाल्या, किंवा कंपनीच सोडायची ठरली, तर मुलाला नव्या आरबीटीकडे नीट सोपवा. शक्य असेल तर दोघींनी एक-दोन सेशन एकत्र करा. त्याला पाणी हवं असेल तर तो फ्रिजकडे बघतो की तुमचा हात ओढतो, चावण्याआधी जबडा घट्ट करतो का, कुठल्या गाण्यावर हमखास शांत होतो, हे प्लॅनमध्ये नसतं. ते एका पानावर लिहा आणि पान सुपरव्हायझरकडून मुलाच्या फाइलमध्ये लावून घ्या.